ड्रायव्हरमधला एक इंडेक्स, स्मॅचचा इशारा आणि 'मिटिगेशन्स=ऑफ'

डिचोलीचा_वजनदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

खाणपट्ट्यातल्या वजनकाट्यांवर आम्ही एक सीरियल कार्ड वापरतो. चार पोर्टांचं आणि आठ पोर्टांचं, अशा दोन प्रकारांत येतं. काट्याचा इंडिकेटर, तिकिटाचा प्रिंटर, बूम बॅरियर, सगळं त्याला जोडलेलं. कार्डवाल्यांनी ड्रायव्हर देऊन कधीच हात वर केले, त्यामुळे लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) आवृत्ती बदलली की निस्तरायला आम्हीच. सध्या पावसामुळे खाणी बंद, ट्रक उभे, म्हणून ड्रायव्हरचा सोर्स साफ करायला घेतलाय.

त्यावर स्मॅच चालवलं. (कोड न चालवता नुसता वाचून खोडी काढणारं हत्यार. कर्नलवाले सर्रास वापरतात.) एका जागी त्याने बोट ठेवलं: 'पोटेन्शियल स्पेक्टर इश्यू'. आयऑक्टलमधून (प्रोग्रामने ड्रायव्हरला हुकूम द्यायचा कॉल) युजरने दिलेला क्रमांक येतो आणि पुढे असं:

जर (क्रमांक >= कार्ड->पोर्टसंख्या) तर चूक, परत;
पोर्ट = कार्ड->पोर्ट्स[क्रमांक];
वाच(पोर्ट->रजिस्टर);

तपासणी पहिल्याच ओळीत आहे. जास्तीचा आकडा आला की तिथूनच माघारी. मग हे स्पेक्टरचं भूत कसलं?

दुसरा प्रश्न. म्हापशाच्या ऑफिसातल्या सर्व्हरमध्येही हेच कार्ड आहे. प्रोसेसर इंटेलचा झिऑन, स्कायलेक पिढीचा. त्यावर हिशेबवाले, दोन-तीन डेव्हलपर आणि बाहेरचे कंत्राटी, सगळेच लॉगिन करतात. मागच्या कर्नल अपडेटनंतर डेटाबेस रेंगाळायला लागला. देखभालीचा माणूस म्हणतो, बूटच्या ओळीत 'मिटिगेशन्स=ऑफ' घाला, म्हणजे स्पेक्टरसारख्या प्रोसेसरच्या खोडींवरचे सगळे उपाय बंद, सगळेच घालतात. घालू का?

---

कमी_बोला

१. अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक लावा.
२. घालू नका.

---

शीतकडी

कमी_बोला यांनी नावाला जागून धागा संपवायचा प्रयत्न केलाय, तो हाणून पाडतो.

वजनदारबाब, तुमची तपासणी बरोबर आहे, पण प्रोसेसर तिच्या निकालासाठी थांबत नाही. पोर्टसंख्या कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) नसेल तर ती मेमरीतून यायला शेकडो सायकल लागतात. तेवढा वेळ हात बांधून बसायचं, तर प्रोसेसरचा वेग बसला. म्हणून ब्रांच प्रेडिक्टर मागचा अनुभव बघतो: आजवर हा क्रमांक नेहमी मर्यादेत होता, आताही असेल, चला पुढे. अंदाज चुकला असं नंतर कळलं की केलेलं सगळं रद्द. रजिस्टर पूर्ववत, प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

पणजीतल्या खानावळीत रोजचं गिऱ्हाईक दारात दिसलं की न विचारता इसवण तव्यावर पडतं. त्या दिवशी गिऱ्हाईकाचा सोमवार निघाला, तर तुकडा बाजूला ठेवतील, बिलात लावणार नाहीत. पण तव्यावर काय पडलं होतं ते अख्ख्या खानावळीला वासावरून कळलेलं असतं. कॅश म्हणजे तो वास. उपमा इथेच थांबवतो, पुढे ताणली तर फाटेल.

आता तुमच्या तीन ओळी हल्लेखोराच्या नजरेने बघा. तो आधी बरोबर क्रमांक देऊन हेच आयऑक्टल पुन्हा पुन्हा मारतो, म्हणजे प्रेडिक्टरला सवय लागते. मग दुसरा डेटा वाचवाचून पोर्टसंख्या कॅशमधून हुसकावतो. मग एकदाच भलामोठा क्रमांक देतो. तपासणीचा निकाल यायच्या आत दुसरी ओळ अ‍ॅरेच्या बाहेरचं, म्हणजे कर्नलच्या मेमरीतलं काहीतरी उचलते आणि तिसरी ओळ तेच मूल्य पत्ता समजून त्या पत्त्यावर जाते. ६४ बाइटची एक कॅश लाइन भरली जाते. नंतर सगळं रद्द, तुम्हाला रीतसर 'चूक' परत. पण कोणती लाइन भरली हे वेळ मोजून काढता येतं, आणि त्यावरून गुपित मूल्याचा अंदाज.

हाच स्पेक्टर व्हेरियंट १, म्हणजे बाउंड्स चेक बायपास. ३ जानेवारी २०१८ ला स्पेक्टर-मेल्टडाउन जगजाहीर झालं तेव्हापासून कर्नलमध्ये अशा जागा शोधून बुजवणं चालूच आहे.

---

फर्मागुडी_हॉस्टेल

शीतकडीदादा, मस्त समजावलंत. वाचनखूण साठवली.

प्रश्न: आमच्या अभ्यासक्रमात पाइपलाइन आणि ब्रांच प्रेडिक्शन दोन्ही आहे, पण हे पुढचं कोणी सांगत नाही. हे सगळं कंपायलरलाच का करू देत नाहीत? प्रत्येक अ‍ॅरेच्या आधी त्याने आपोआप अडसर घातला तर?

---

जुने_गोवे

प्रयत्न झालेत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये २०१८ सालीच तशी सोय आली. स्पेक्टर शोधणाऱ्यांपैकी एक, पॉल कोकर, यांनी १५ छोटे नमुने लिहून तो तपासला, तर बहुतेक नमुने त्याच्या हातून निसटले. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये स्पेक्युलेटिव्ह लोड हार्डनिंग आहे, ते सगळंच झाकतं, पण किंमत इतकी की कर्नल ते वापरत नाही. मूळ अडचण अशी की कोणता आकडा बाहेरच्या माणसाच्या हातातला आणि कोणता कर्नलने स्वतः ठरवलेला, हे कंपायलरला कळत नाही. सगळीकडे एलफेन्स हा अडसर घालायचा, तर तो आधीच्या सूचना पूर्ण होईपर्यंत पुढचं सगळं रोखून धरतो. मग प्रेडिक्टर ठेवून उपयोग काय?

म्हणून व्हेरियंट १ चं काम हातानेच होतं. स्मॅचसारखं हत्यार जागा दाखवतं, माणूस बघतो आणि एक ओळ टाकतो. २०१८ मध्ये ड्रायव्हर, साउंड, नेटवर्क अशा सगळ्या विभागांत असे एकओळी पॅच भराभर गेले. 'हे खरंच वापरता येईल का' हे सिद्ध करत बसायचं नाही, युजरच्या ताब्यातल्या इंडेक्सने होणारं पहिलं वाचनच तोडायचं, असं धोरण त्या पॅचच्या मजकुरातच लिहिलेलं असायचं. मला हे धोरण पटतं. वापरता येतं की नाही यावर वाद घालायला जितका वेळ जातो त्याच्या दहाव्या हिश्श्यात ओळ लिहून होते.

तुमच्या कोडमध्ये तपासणीनंतर एवढंच:

क्रमांक = अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक(क्रमांक, कार्ड->पोर्टसंख्या);

आत काय होतं ते बघण्यासारखं आहे. एक्स८६ वर दोन सूचना: सीएमपी आणि एसबीबी. क्रमांक मर्यादेपेक्षा लहान असेल तर वजाबाकीत हातचा येतो आणि एसबीबीने सगळे बिट १ असलेला मुखवटा तयार होतो. लहान नसेल तर सगळे ०. मग क्रमांकाशी अ‍ँड. मर्यादेतला आकडा जसाच्या तसा, बाहेरचा आकडा शून्य. यात कुठेही ब्रांच नाही, त्यामुळे अंदाजाला जागाच नाही. मुखवट्यासाठी प्रोसेसरला पोर्टसंख्येची खरी किंमत हातात यावी लागते आणि वाचनाला मुखवट्याची वाट बघावी लागते. चुकीच्या वाटेवर गेलाच तरी पोर्ट्स[०] वाचून येईल. आर्म६४ वर हेच काम सीएमपी, एसबीसी आणि शेवटी सीएसडीबी असं होतं.

दोन पथ्यं. क्रमांक अनसाइन्ड ठेवा. तुम्ही साधा इंट घेतला असेल तर ऋण आकड्याचं दुखणं वेगळंच. आणि युजरकडून स्ट्रक्चर एकदाच कॉपी करा, नंतर तोच क्रमांक युजरच्या मेमरीतून पुन्हा वाचू नका.

---

कमी_बोला

अ‍ॅरे आठचीच आहे ना? क्रमांक & ७. काम झालं.

---

जुने_गोवे

आज झालं. उद्या बारा पोर्टांचं कार्ड आलं आणि कोणी अ‍ॅरे वाढवून ७ तसाच ठेवला, तर नऊ नंबरचा पोर्ट मागणाऱ्याला मुकाट्याने एक नंबरचा मिळेल. वजनकाट्यावर चुकीच्या इंडिकेटरचं वजन तिकिटावर छापलं जाणं मला स्पेक्टरपेक्षा भयंकर वाटतं.

---

डिचोलीचा_वजनदार

हे मात्र खरं. टनामागे रॉयल्टी भरतात लोक.

क्रमांक इंटच होता, बदलला.

---

सत्तरीचा_पाऊस

मला एक कळत नाही. काट्याच्या केबिनमध्ये एक ऑपरेटर, एक पंखा आणि एक डबा, त्यात इंटरनेट दिवसाआड. तिथे कॅशची वेळ मोजायला कोण येणार आहे? आणि एकूणच, २०१८ पासून एवढा गवगवा, प्रत्यक्ष कोणाचं काय गेलं? संशोधकांचे पेपर निघाले, आपल्या मशिनी मंदावल्या. माझ्या मते देखभालवाला बरोबर सांगतोय.

---

शीतकडी

केबिनपुरतं तुमचं बरोबर आहे. ज्या मशीनवर तुमच्याशिवाय कोणाचाच कोड चालत नाही, तिथे हा हल्ला करायला आधी कोड चालवण्याची संधी मिळवावी लागेल, आणि ती मिळाली तर चोराला त्याहून सोप्या वाटा आहेत. शिवाय केबिनमध्ये रास्पबेरी पाय ३ सारखा डबा असेल तर त्यातला कॉर्टेक्स-ए५३ सूचना क्रमानेच चालवतो, त्याला स्पेक्टर-मेल्टडाउन लागूच नाही. (अवांतर: आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरांतला सी-क्लासही क्रमानेच चालणारा.) पाय ४ मधल्या ए७२ ला मात्र स्पेक्टर लागू आहे.

पण म्हापशाच्या सर्व्हरवर कंत्राटी लॉगिन आहेत, आणि तिथे 'कोण येणार' हे विचारायची गरजच नाही, ते आलेलेच आहेत. २०२२ च्या जुलैत झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या योहानेस विकनर आणि कावे रझावी यांनी रेटब्लीड हा स्पेक्टरच्या जातीचा हल्ला दाखवला. साध्या युजरच्या अधिकारात रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) पासवर्डचा हॅश काढायला त्यांना इंटेलवर साधारण २८ मिनिटं लागली, एएमडीवर ६. अठ्ठावीस मिनिटं म्हणजे कंत्राटदाराच्या चहाची सुट्टी.

ब्राउझरचंही विसरू नका. २०२१ मध्ये गूगलनेच क्रोमवर नुसत्या जावास्क्रिप्टने सेकंदाला किलोबाइटभर मेमरी वाचून दाखवली, तीही स्कायलेकवरच. म्हणजे अनोळखी कोड चालवायला लॉगिनच द्यावं लागतं असं नाही.

---

माशेल_एक्सप्रेस

माझं पोट सर्व्हर सांभाळण्यावर चालतं, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा विस्ताराने देतो.

'मिटिगेशन्स=ऑफ' हे एक बटण दिसतं, पण त्यामागे वेगवेगळ्या काळात बांधलेले बरेच बांध आहेत आणि ते सगळे एकदम फुटतात. मोठे सांगतो.

मेल्टडाउनसाठी (साध्या प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचू देणारी खोट) पेज टेबल आयसोलेशन, म्हणजे युजर मोडमध्ये असताना कर्नलची मेमरी नकाशावरूनच काढून टाकायची. दर सिस्टिम कॉलला नकाशा बदलतो. गंमत म्हणजे ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी हा उपाय कायझर नावाने २०१७ मध्येच आणला होता, तोही कर्नलचे पत्ते लपवण्यासाठी. मेल्टडाउन नंतर आलं आणि औषध तयार होतं. एएमडीला याची गरज पडली नाही.

स्पेक्टर व्हेरियंट २ साठी (यात हल्लेखोर पॉइंटरमधून होणाऱ्या उडीचा अंदाज भरकटवतो) रेटपोलिन, गूगलच्या पॉल टर्नर यांची करामत. पॉइंटरमधून होणारी उडी थेट न मारता कॉल आणि रिटर्नच्या जोडीतून मारायची. रिटर्नचा अंदाज वेगळ्या ठिकाणाहून येतो, रिटर्न स्टॅक बफरमधून, आणि तिथे आपणच असा पत्ता ठेवलेला असतो की अंदाजाने गेलेला प्रोसेसर एका छोट्या लूपमध्ये गरगरत राहतो. खरी उडी आपल्या जागी बरोबर पडते. मला ही युक्ती अजूनही दरवेळी नव्याने आवडते.

आणि स्कायलेकवर नेमकी तीच गळते. तो बफर रिकामा झाला की स्कायलेक रिटर्नसाठीही नेहमीच्या ब्रांच प्रेडिक्टरकडे वळतो, आणि त्याला हल्लेखोराने शिकवून ठेवलेलं असतं. रेटब्लीड ते हेच. त्यावर इंटेलसाठी उपाय म्हणजे कर्नलमध्ये शिरताना दरवेळी आयबीआरएस (उडीच्या अंदाजांवर बंधन घालणारी प्रोसेसरमधली सोय) चालू करणं. महाग प्रकरण आहे. रेटब्लीडच्या पेपरमध्येच पॅचचा भार एएमडीवर १४ आणि इंटेलवर ३९ टक्क्यांपर्यंत मोजलाय. डेटाबेस सारखा कर्नलमध्ये ये-जा करतो, त्याला हे जाणवणारच.

म्हणून आधी निदान. /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज या डिरेक्टरीत प्रत्येक दुखण्याची एकेक फाइल आहे. सगळ्या कॅट करून इथे टाका. रेटब्लीडच्या फाइलमध्ये आयबीआरएस दिसलं तर सगळे बांध फोडण्यापेक्षा एकच बदलता येईल. कर्नल ६.२ पासून थॉमस ग्लाइक्सनर यांचं कॉल डेप्थ ट्रॅकिंग आहे. कॉल किती खोल गेलेत ते मोजत राहायचं आणि बफर रिकामा व्हायच्या आत भरायचा. बूटच्या ओळीत 'रेटब्लीड=स्टफ'. स्कायलेकसाठीच बनवलंय आणि आयबीआरएसपेक्षा हलकं आहे.

---

डिचोलीचा_वजनदार

माशेलबाब, फाइली बघितल्या. थोडक्यात:

रेटब्लीड: मिटिगेशन, आयबीआरएस. तुम्ही म्हणालात तसंच.
एमडीएस: क्लिअर सीपीयू बफर्स, एसएमटी व्हल्नरेबल.
स्पेक्टर व्ही२: बरंच काही, आणि शेवटी असा शेरा की रेटपोलिनशिवाय बांधलेलं मॉड्यूल चढवलेलं आहे.

हा शेवटचा काय प्रकार? आणि कर्नल ६.२ च्या बराच आधीचा आहे, एंटरप्राइझ डिस्ट्रोचा.

---

जुने_गोवे

अंदाज सांगू? सर्व्हरवर तुमच्या सोर्समधून बांधलेला ड्रायव्हर नाही, कार्डवाल्यांनी दिलेली तयार .केओ फाइल (बांधलेलं कर्नल मॉड्यूल) आहे. २०१८ च्या आधी बांधलेली.

---

डिचोलीचा_वजनदार

२०१७ ची. अंतर्यामी आहात.

---

जुने_गोवे

अंतर्यामी नाही, असं बऱ्याच ठिकाणी असतं. एंटरप्राइझ कर्नल जुनी मॉड्यूल चालावीत म्हणून इंटरफेस जपतो, त्यामुळे ती फाइल बिनतक्रार चढते. पण रेटपोलिन कंपायलर घालतो. तेव्हाच्या कंपायलरला ते माहीतच नव्हतं, त्यामुळे त्या मॉड्यूलमधली पॉइंटरमधून होणारी प्रत्येक उडी रेटपोलिनशिवायच आहे. रेटपोलिनवर विसंबायचं, तर बाकी कर्नल कितीही लिंपला तरी हे एक भोक राहतं, आणि कर्नल ते इमानदारीने लिहून दाखवतोय.

म्हणजे तुमचे दोन्ही प्रश्न एकाच गाठीचे आहेत. .केओमुळे जुन्या कर्नलला चिकटून आहात, जुन्या कर्नलमुळे स्टफ मिळत नाही, म्हणून आयबीआरएस, म्हणून मंद डेटाबेस, म्हणून देखभालवाल्याचा 'ऑफ'. सोर्स साफ करून नव्या कर्नलवर बांधा.

अजून एक बघा: /डेव्ह मधल्या त्या डिव्हाइस फाइलचे अधिकार काय आहेत?

---

डिचोलीचा_वजनदार

०६६६, म्हणजे कोणालाही वाचता-लिहिता येईल असे. कार्डवाल्यांच्या युडेव्ह (डिव्हाइस फाइली सांभाळणारी यंत्रणा) नियमातच तसं आहे.

---

कमी_बोला

आधी ते.

---

शीतकडी

पूर्ण सहमत. नोस्पेक वगैरे सगळं ठीक, पण आज कोणीही लॉगिन केलेला माणूस ते आयऑक्टल मारू शकतो, आणि बूम बॅरियरही वर-खाली करू शकतो. एक ग्रूप करा, काट्याचं सॉफ्टवेअर चालवणारा युजर त्यात घाला, आणि अधिकार ०६६०, म्हणजे फक्त मालक आणि ग्रूपला. स्पेक्टरवाल्यालाही आधी ओपन करता यावं लागतं.

---

सत्तरीचा_पाऊस

बॅरियरचं ऐकून माझा विरोध मावळला. स्पेक्टरबद्दल अजून कायम आहे.

एमडीएसच्या ओळीतलं एसएमटी म्हणजे हायपरथ्रेडिंगच ना? ते पण बंद करायचं म्हणजे अर्धा सर्व्हर गेला.

---

माशेल_एक्सप्रेस

हो, तेच. एमडीएस मे २०१९ चं. प्रोसेसरच्या आतल्या छोट्या बफरमध्ये मागच्याचा डेटा उरतो, म्हणून कर्नल युजरकडे परतताना व्हीईआरडब्ल्यू सूचनेने ते पुसतो. पण एकाच कोअरवर दोन थ्रेड एकाच वेळी चालत असतील तर पुसायला मधली वेळच नाही, म्हणून तो शेरा. ओपनबीएसडीने तर एमडीएस यायच्या आधीच, २०१८ च्या जूनमध्ये, हायपरथ्रेडिंग मुळात बंद ठेवायचा निर्णय घेतला होता.

अर्धा सर्व्हर जात नाही, दोन थ्रेड म्हणजे दोन कोअर नव्हेत. तरी डेटाबेसला फटका बसेल. एकमेकांवर विश्वास नसलेल्यांची व्हर्च्युअल मशीन भाड्याने देत असता तर बंदच करा म्हणालो असतो. तुमच्याकडे मी कंत्राट्यांना वेगळ्या मशीनवर हलवीन आणि एसएमटी चालू ठेवीन. जुना डेस्कटॉप असेलच एखादा पडलेला. हे माझं मत, ऑडिटर वेगळं म्हणू शकतो.

जाता जाता: कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_बीपीएफ_डिसेबल्ड ची किंमत बघा. शून्य असेल तर बदला. साध्या युजरला कर्नलच्या आत स्वतःचा ईबीपीएफ प्रोग्राम चढवू देणं म्हणजे गॅजेट (हल्ल्याला सोयीचा, कर्नलमध्ये आधीच असलेला कोड) शोधायची मेहनतही वाचवणं. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाच्या यान हॉर्न यांनी २०१८ च्या पहिल्या प्रात्यक्षिकात तेच वापरलं होतं.

---

फर्मागुडी_हॉस्टेल

वजनदारकाका, सोर्स दाखवू शकाल का? नव्या कर्नलवर बांधायला मदत करीन, सुट्टीच आहे. आणि एक शंका: त्या ड्रायव्हरमध्ये रीड आणि राइट पण असेल. तिथेही पोर्ट्स[...] येत असणार. तिथे स्मॅच का बोललं नाही?

---

डिचोलीचा_वजनदार

अरे वा, जरूर. ऑफिसात विचारून सोर्स पाठवतो. रीड-राइटमध्ये अ‍ॅरेला हात लावत नाही. ओपन होतानाच पोर्टचा पॉइंटर फाइल->प्रायव्हेट_डेटा मध्ये ठेवलाय, पुढे तोच.

---

जुने_गोवे

मग तिथे काही लावू नका. ओपनमध्ये मायनर नंबर येतो तो डिव्हाइस फाइलचा, आणि ती फाइल बनवायला रूट लागतो. हल्लेखोराला तो आकडा हवा तसा फिरवता येत नाही. दिसेल त्या कंसात नोस्पेक कोंबलं की पुढच्या वाचणाऱ्याला खरी धोक्याची जागा कोणती तेच कळेनासं होतं.

बाकी आयऑक्टल सगळी तपासा. एकात क्रमांक घेतलाय तर बॉडरेट (सीरियल पोर्टचा वेग) बदलणाऱ्यातही घेतला असेल, आणि तिथे टेबल वेगळं असेल: बॉडरेटचं.

---

डिचोलीचा_वजनदार

आहे. बॉडरेटचं टेबल, इंडेक्स थेट युजरकडून. आणि तिथे तपासणीच नाही, नोस्पेक तर लांबच! स्मॅचने त्यावरही लिहिलं होतं, वेगळ्या शब्दांत. खालच्या यादीत होतं म्हणून मी अजून पोचलो नव्हतो.

---

कमी_बोला

तो स्पेक्टर नाही. तो साधा बग. आजच.

---

डिचोलीचा_वजनदार

०६६० केलं, बॉडरेटला तपासणी आणि नोस्पेक दोन्ही घातलं. देखभालवाल्याला 'ऑफ' नको म्हणून कळवलंय. सर्व्हरचा कर्नल चवथीच्या सुट्टीत बदलू, तेव्हा ऑफिस रिकामं असतं. फर्मागुडीकर, व्यक्तिगत निरोप बघ.